आधी हात कोणी उचलला?

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत आनंदच आहे, तेव्हा तो भार संपादक मंडळावर टाकून मी थेट विषयाला हात घालते.

विषय आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. कोणी आपल्याला घाणेरडं बोललं, म्हणजे आईवरून, बहिणीवरून, जातीवरून, रंगावरून, गावावरून बोललं, तर त्याच्या कानाखाली वाजवणं बरोबर आहे का? "बरोबर" म्हणजे समजण्यासारखं नव्हे हं! समजण्यासारखं तर ते आहेच. राग सगळ्यांनाच येतो. प्रश्न असा आहे, की त्या रागात उचललेल्या हाताचं समर्थन करता येतं का?

मेसच्या टेबलावर हा प्रश्न टाकून बघा. पोळी गार व्हायच्या आत दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, "शब्दच आहेत ना, इग्नोर मार!" दुसरी म्हणते, "बाकी काही बोल, पण आईवर गेलास तर सोडणार नाही." मला विचाराल तर दोन्ही पार्ट्या अर्ध्या बरोबर आहेत आणि अर्ध्या चूक. कशा, ते एकेक करून पाहू.

बर्लिन, ९ जुलै २००६

या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फुटबॉलमधलं आहे. वर्ल्ड कपची फायनल, फ्रान्स विरुद्ध इटली. आपल्यातले बरेच जण तेव्हा पाळण्यात होते, काही तर तिथेही पोचले नव्हते, पण तो व्हिडिओ पाहिला नाही असा फुटबॉलवेडा हॉस्टेलवर सापडायचा नाही.

सातव्या मिनिटाला झिनेदिन झिदानने पेनल्टीवर गोल केला. एकोणिसाव्या मिनिटाला इटलीच्या मार्को मातेराझ्झीने बरोबरी केली. मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली. या स्पर्धेनंतर आपण निवृत्त होणार हे झिदानने आधीच जाहीर केलं होतं, म्हणजे ही त्याची शेवटची मॅच. ११० व्या मिनिटाच्या सुमारास मातेराझ्झीने त्याचा शर्ट धरला, दोघांत काही बोलणं झालं, झिदान पुढे चालू लागला, मग अचानक वळला आणि त्याने डोकं सरळ मातेराझ्झीच्या छातीवर हाणलं. रेफरी होरासिओ एलिझोंदो यांनी लाल कार्ड दाखवलं. झळाळत्या वर्ल्ड कपच्या शेजारून मान खाली घालून आत जाणारा झिदान, हा फोटो जगभर छापून आला. पुढे मॅच पेनल्टी शूटआउटवर गेली. फ्रान्सचा पेनल्टीचा हुकमी एक्का तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये होता. इटली ५-३ ने जिंकली.

मातेराझ्झी नक्की काय बोलला? झिदानने नंतर टीव्हीवर सांगितलं, की तो आईबद्दल आणि बहिणीबद्दल बोलला. मातेराझ्झीने पुढे कबूल केलं की आपण त्याच्या बहिणीवरून बोललो, आईवरून नाही. काही इंग्रजी वर्तमानपत्रांनी तिसरंच काहीतरी, वांशिक स्वरूपाचं छापलं. त्यांच्यावर मातेराझ्झीने दावे लावले आणि त्यांना माफी मागावी लागली. म्हणजे बघा, शब्द नेमके कोणते यावर वर्षानुवर्षं वाद चालला. डोकं मात्र सगळ्या जगाने पाहिलं. मार देणाऱ्याचा पहिला तोटा हाच! त्याचा पुरावा कॅमेऱ्यात असतो आणि शिवी देणाऱ्याचा हवेत विरून जातो.

आता या प्रकरणाचा निकाल बघा. फिफाने फक्त झिदानला शिक्षा केली नाही. झिदानला तीन सामन्यांची बंदी आणि ७,५०० स्विस फ्रँक दंड, तर मातेराझ्झीला दोन सामन्यांची बंदी आणि ५,००० स्विस फ्रँक दंड झाला. झिदान निवृत्तच झाला होता, म्हणून त्याने बंदीऐवजी तीन दिवस मुलांसाठी समाजसेवा केली. "शब्दच तर होते" असं म्हणून फिफाने मातेराझ्झीला सोडलं नाही, आणि "तो बहिणीवरून बोलला होता" म्हणून झिदानलाही सोडलं नाही.

झिदान टीव्हीवर आणखी एक गोष्ट म्हणाला. मॅच पाहणाऱ्या लहान मुलांची त्याने माफी मागितली, पण आपल्याला पश्चात्ताप नाही असं सांगितलं. का? तर पश्चात्ताप होतो म्हटलं, तर मातेराझ्झी जे बोलला ते बरोबर होतं असा अर्थ होईल. हे वाक्य ऐकायला एकदम भारी वाटतं. पण शांतपणे विचार केला तर गणित चुकतंय. मी मारलं ते चूक, असं मी म्हटल्याने तू बोललास ते बरोबर कसं ठरेल? ही दोन वेगळी खाती आहेत. त्याच्या खात्यावर त्याची शिवी, माझ्या खात्यावर माझा ठोसा. एकाची बाकी दुसऱ्यात वळती होत नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कायदा काय म्हणतो?

मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, कायद्याची नाही. पण विषय घेतला म्हटल्यावर कलमं वाचली, आणि गंमत म्हणजे कायदासुद्धा हीच दोन खाती ठेवतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं.

पहिली गोष्ट, स्वसंरक्षण. स्वतःच्या बचावासाठी हात उचलायचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण तो शरीरावरच्या आणि मालमत्तेवरच्या हल्ल्यापासून आहे. नुसती शिवी त्यात बसत नाही. शिव्या देत कोणी रॉड घेऊन अंगावर आला, तर तिथे प्रश्न शिवीचा नसून रॉडचा आहे, आणि तिथे तुमचा हक्क शाबूत आहे.

दुसरी गोष्ट, शिवी देणाराही सुटत नाही. समोरचा भडकून शांतता बिघडावी म्हणून, किंवा तसं होईल हे माहीत असताना, मुद्दाम केलेला अपमान हा कलम ३५२ खाली गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ केली, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. "शब्दच आहेत ना" म्हणणाऱ्या पार्टीने हे जरूर वाचावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एखाद्याला साधी इजा केली तर कलम ११५(२) प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तीच इजा गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे, फक्त चिथावणाऱ्यालाच केली, तर कलम १२२(१) प्रमाणे शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे बारा महिन्यांचा एक महिना झाला. पण त्या एकाचा शून्य झाला नाही! माणूस रागाच्या भरात वाहून जातो हे कायद्याला कळतं, म्हणून तो शिक्षा कमी करतो. पण केलंस ते बरोबर केलंस, असं तो कुठेही म्हणत नाही.

तीन तास

याच "अचानक" शब्दावर आपल्या मुंबईत एक मोठा खटला गाजला, नानावटी खटला. त्यावर सिनेमेही निघालेत. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नीकडून समजलं, की तिचे प्रेम आहुजा यांच्याशी संबंध आहेत. त्यांनी पत्नीला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आहुजा यांचं घर गाठलं. नानावटींच्या म्हणण्यानुसार त्यांनी विचारलं, "तू तिच्याशी लग्न करून मुलांना सांभाळणार का?" आणि त्यावर आहुजा यांनी अत्यंत उर्मट, अपमानास्पद उत्तर दिलं. नंतर झटापटीत गोळ्या सुटल्या असा त्यांचा बचाव होता. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण मुंबई हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

सुप्रीम कोर्टाने त्या निकालात सांगितलेल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, आपल्याकडे शब्द आणि हावभावसुद्धा काही परिस्थितीत गंभीर चिथावणी ठरू शकतात. म्हणजे शब्दाने माणूस घायाळ होतो हे कोर्टाला मान्य आहे. दोन, वार हा त्या क्षणाच्या संतापातूनच झालेला असला पाहिजे, डोकं थंड व्हायला वेळ मिळाल्यानंतर केलेला नको. नानावटी घरातून निघाले दुपारी दीडच्या सुमारास आणि गोळ्या झाडल्या गेल्या चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. जवळजवळ तीन तास मध्ये गेले. आणि त्या शेवटच्या उर्मट उत्तराबद्दल कोर्टाने स्पष्ट म्हटलं, की तुम्ही शिवी दिली आणि समोरच्याने तितकीच वाईट उलट दिली, तर ती खुनासाठीची चिथावणी होऊ शकत नाही. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी नानावटींना माफी दिली ती गोष्ट वेगळी, पण कोर्टाने आखलेली रेष तशीच राहिली.

आता ही रेष हॉस्टेलवर आणून बघा. रात्री अकराला ग्रुपवर कोणी काहीतरी टाकलं, आणि दोन वाजता चार मित्र जमवून तुम्ही त्याच्या रूमचं दार बडवलं. मध्ये तीन तास गेले. त्या तीन तासांत चहा झाला, चर्चा झाली, कोण कोण येणार ते ठरलं. त्याला "राग आला म्हणून" म्हणायचं? याला राग नाही, प्लॅनिंग म्हणतात.

जिच्यावरून शिवी, तिला विचारलं का?

हा मुद्दा मी मुलगी म्हणून मांडते आहे, मुलांनी राग मानू नये. आपल्याकडच्या नव्वद टक्के शिव्या (आकडा माझ्या कानांचा!) आईवर नाहीतर बहिणीवर असतात. दोन मुलांचं कॅरमच्या सोंगटीवरून वाजतं आणि मध्ये फरफटत आणली जाते ती गावाकडे भाकऱ्या थापणारी किंवा ऑफिसातून दमून घरी येणारी एक बाई, जिला यातलं काही माहीतसुद्धा नाही. मग तिच्या इज्जतीसाठी हाणामारी होते. तिला कोणी विचारलं का? विचारलं तर ती काय म्हणेल? "माझ्यासाठी त्याचं डोकं फोड" असं म्हणेल, की "परीक्षा तोंडावर आलीये, पोलीस स्टेशनच्या पायऱ्या कशाला चढतोयस" असं म्हणेल? माझ्या आईचं उत्तर मला पाठ आहे. तुमच्या आईचंही फार वेगळं नसणार.

गंमत म्हणजे हीच शिवी दिवसभर कॉरिडॉरमध्ये प्रेमाने दिली-घेतली जाते, तेव्हा कोणाचीच इज्जत जात नाही. मग अपमान नक्की कशात असतो? शब्दात की देणाऱ्याच्या हेतूत? हेतूत असेल, तर त्या हेतूला हवं तेच, म्हणजे तुमचा तोल, तुम्ही त्याला आयतं का देता? हात तुमचा आणि त्याचा स्विच दुसऱ्याच्या बोटाखाली, हा कसला स्वाभिमान?

टफ कोण?

आपण सगळ्यांनी लॅबमध्ये टेन्साइल टेस्ट केली आहे (किंवा निदान जर्नलमध्ये उतरवली आहे!). माइल्ड स्टीलचा रॉड ताणला की तो आधी लांबतो, मग मध्ये बारीक होतो, भरपूर ऊर्जा पचवतो आणि मग तुटतो. कास्ट आयर्न मात्र कसलीही सूचना न देता फाट्कन तुटतं. स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हखालचं क्षेत्रफळ म्हणजे टफनेस, हे आपण व्हायवात घडाघडा सांगतो. मग कोणी एका शब्दासरशी फुटला, तर त्याला "भाई टफ आहे" असं का म्हणतो? तो टफ नाही, ब्रिटल आहे!

आणि तुटल्यावर काय होतं तेही बघा. हॉस्टेलच्या ओल्या बाथरूममध्ये किंवा जिन्यात एक ठोसा बसतो, समोरचा मागे कोसळतो आणि डोकं फरशीवर आपटतं. ठोसा मारणाऱ्याला तेवढं करायचं नसतं. पण बोललेल्या शब्दाची माफी मागता येते, कवटीच्या आत सुरू झालेला रक्तस्राव "सॉरी यार" म्हटल्याने थांबत नाही. शब्दाची जखम खोल असते हे मान्य, पण ठोशाची खोली मारणाऱ्याच्याही हातात राहत नाही. म्हणूनच दोन्ही चुका असल्या तरी त्या एका वजनाच्या नाहीत.

पण "इग्नोर मार" पुरेसं आहे का?

इथपर्यंत वाचून पहिली पार्टी खूश झाली असेल. थांबा! तुमचाही हिशोब आहे.

आजीने मला संत एकनाथांची गोष्ट सांगितली होती. नाथ गोदावरीत स्नान करून यायचे, एक माणूस त्यांच्यावर थुंकायचा, नाथ पुन्हा शांतपणे स्नानाला जायचे. शाळेतल्या सिस्टर्स दुसरा गाल पुढे करण्याबद्दल सांगायच्या. दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. पण मला एक प्रश्न नेहमी पडतो, घाटावर तेव्हा बाकीचे लोक काय करत होते?

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर मला अमेरिकेतल्या बेसबॉलच्या इतिहासात सापडलं. तिथल्या मेजर लीगमध्ये कित्येक दशकं कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नसत. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि ती भिंत पडली. त्याला टीममध्ये घेताना ब्रँच रिकी यांनी अट घातली होती, काही झालं तरी उलट हात उचलायचा नाही. रॉबिन्सन स्वभावाने गरीब गाय नव्हता, त्याला हे अतिशय जड गेलं. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या टीमने, आणि सगळ्यात पुढे होऊन त्यांचा मॅनेजर बेन चॅपमन याने, मैदानातून त्याला वर्णावरून अत्यंत गलिच्छ शिव्या दिल्या. रॉबिन्सन गप्प राहिला. तेव्हा त्याच्याच टीममधला एडी स्टँकी उठला. रॉबिन्सन टीममध्ये येणं या स्टँकीला सुरुवातीला फारसं रुचलेलं नव्हतं. पण तो चॅपमनच्या लोकांवर ओरडला, की ज्याला उलट उत्तर देता येत नाही त्याच्यावर कसले भुंकता, भित्रटांनो! रिकी नंतर म्हणायचे, की आमची टीम एक करण्याचं काम चॅपमननेच केलं.

यात बघा, रॉबिन्सनने हात उचलला नाही. पण तो एकटाही पडला नाही. ज्याला अपमान सोसावा लागतो त्याला शांत राहायला सांगणं सोपं आहे, पण ते सांगायचा हक्क त्यालाच आहे जो स्वतः उठून बोलतो. बाकीचे हसत उभे राहणार, व्हिडिओ काढणार, आणि नंतर "अरे, तू इग्नोर करायला हवं होतंस" म्हणणार, हे चालणार नाही. आणि रॉबिन्सनही कायमचा गप्प बसला नाही. ती अट संपल्यावर तो मैदानात आणि मैदानाबाहेर ठणकावून बोलला. बोलला हं, मारलं नाही!

रेक्टर सर आणि मॅडम, एक विनंती

हा अंक स्टाफही वाचतो म्हणून नम्रपणे लिहिते. कोणत्याही हॉस्टेलवर मारामारी झाली की ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "आधी हात कोणी उचलला?" प्रश्न योग्यच आहे. पण बहुतेक वेळा तोच शेवटचाही प्रश्न असतो. त्यामागे एखाद्या मुलाला महिनाभर त्याच्या बोलण्याच्या लहेजावरून, रंगावरून, जातीवरून रोज टोचलं गेलेलं असतं, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते. नोंद होत नाही हे मुलांना माहीत असतं. तक्रार करून काही होत नाही अशी खात्री झाली, की हातच बोलायला लागतो. हे हाताचं समर्थन नाही, हे त्याचं कारण आहे. कारण काढलं नाही तर मशीन पुन्हा तिथेच बिघडणार.

नियम आपल्याकडे आहेत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात चिडवणं आणि शिवीगाळ करणं हेसुद्धा रॅगिंगमध्ये धरलं आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि टाळाटाळ केली तर तीही गुन्ह्याला मदत मानली जाते. यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, २०१६ च्या दुरुस्तीने त्यात जात, धर्म, रंग, भाषा, जन्मगाव, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला मानसिक छळही आला, आणि तोसुद्धा फक्त फर्स्ट इयरचा नव्हे, कोणत्याही विद्यार्थ्याचा. हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२. तेव्हा विनंती एवढीच, की पहिल्या प्रश्नानंतर दुसराही विचारा: "त्याआधी काय बोललं गेलं, आणि किती दिवसांपासून?" मारणाऱ्याला माफ करू नका. फक्त दुसरं खातंही उघडा.

आणि आपण काय करायचं? थोडक्यात सांगते. कोणी बोललं, तर एकदा स्पष्ट शब्दांत सांगा की हे चालणार नाही. तरी थांबला नाही तर तिथून निघा. निघणं म्हणजे हरणं नव्हे, तुमचा स्विच तुमच्या खिशात घेऊन जाणं आहे. तारीख, शब्द, हजर कोण होतं, हे लिहून ठेवा, ग्रुपवर असेल तर स्क्रीनशॉट घ्या, कारण शब्द हवेत विरतात हे आपण बर्लिनमध्ये पाहिलं. लेखी तक्रार द्या. आणि तुम्ही नुसते बघणारे असाल, तर सगळ्यात मोठं काम तुमचंच आहे. स्टँकीसारखे एक पाऊल पुढे या आणि म्हणा, "ए, बास!" विंगमधल्या दोघांनी जरी असं म्हटलं तरी शिवी देणाऱ्याची हवा निघून जाते आणि ज्याची मूठ वळलेली असते त्याची ती सुटते.

तर, शिवीला उत्तर म्हणून हात उचलणं कधीतरी बरोबर असतं का? माझं उत्तर: समजण्यासारखं अनेकदा, माफ करण्यासारखं कधीकधी, बरोबर कधीच नाही. आणि शिवी ऐकून गप्प बसलेली गर्दी? तीसुद्धा बरोबर नाही.

पटलं तर बघा. नाही पटलं तर मुलींच्या हॉस्टेलच्या गेटवर भांडायला जरूर या. फक्त तोंडानेच या, आणि आईला मध्ये आणू नका!